ओरांजचे रोमन नाट्यगृह : जाण्याआधी आणि गेल्यावर पडणारे प्रश्न

दक्षिण फ्रान्सच्या सहलीत पॅरिसहून खाली उतरलेली बहुतेक मंडळी अव्हिन्यों आणि मार्सेय करून परततात. वाटेवरचे ओरांज राहून जाते, किंवा दुपारच्या उन्हात अर्ध्या तासात उरकले जाते. असे होऊ नये म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

ओरांज म्हणजे संत्र्याचे गाव का?

नाही. इंग्रजीत स्पेलिंग तेच असले तरी गावाचा फळाशी संबंध नाही. रोमन काळी या वसाहतीचे नाव ‘आराउझियो’ होते. ते इथल्या स्थानिक जलदेवतेचे नाव, आणि त्याचाच उच्चार बदलत बदलत ‘ओरांज’ झाला. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र हे नाव ओळखीचे वाटेल. डच राजघराण्याच्या नावातले ‘ओरांज’ हेच. १५४४ साली हे छोटे संस्थान नासाउ घराण्यातल्या विल्यमकडे वारशाने आले, आणि पुढे डचांचा रंगच नारिंगी ठरला. इंटरनेटवर शोधताना नुसते गावाचे नाव टाकले तर मोबाइल कंपनी आणि फळे समोर येतात, म्हणून सोबत ‘थेआत्र आंतीक’ (म्हणजे प्राचीन नाट्यगृह) हे शब्द जोडा. गावातल्या पाट्यांवरही तेच लिहिलेले असते.

हे अ‍ॅम्फीथिएटर आहे ना?

ही चूक फार होते, आणि ती केली की सगळे पाहणेच चुकते. अ‍ॅम्फीथिएटर म्हणजे चारही बाजूंनी बंद असलेले लंबगोल रिंगण. रोमचे कलोसियम तसे, आणि ओरांजपासून तासाभराच्या अंतरावरच्या नीम गावातलेही तसेच. तिथे माणसांच्या आणि जनावरांच्या झुंजी व्हायच्या. ओरांजला आहे ते थिएटर, म्हणजे नाट्यगृह. अर्धवर्तुळात प्रेक्षक, समोर सरळ रेषेत रंगमंच आणि रंगमंचामागे उंच भिंत. इथे ग्लॅडिएटर कुठे लढायचे, असे विचारू नका. इथे नट होते, गायक होते, नाचणारे होते.

रोमन नाट्यगृहे तर कितीतरी आहेत. मग इथेच का यायचे?

भिंतीसाठी. भूमध्य समुद्राच्या भोवती रोमन नाट्यगृहे भरपूर आहेत, पण बहुतेक ठिकाणी उरल्या आहेत त्या प्रेक्षकांच्या पायऱ्या. त्या टेकडीच्या उतारावर टेकलेल्या असतात, त्यामुळे पडायला जागाच नसते. रंगमंचामागची भिंत मात्र मोकळी उभी, म्हणून आधी ती जाते. भूकंपाने जाते, किंवा घरे बांधायला दगड हवे असलेले लोक ती नेतात. जवळच्या आर्ल गावात जाऊन पाहा. तिथल्या नाट्यगृहाच्या रंगमंचामागे दोन खांब तेवढे पूर्ण उंचीचे उभे आहेत, आणि लोक त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात.

ही भिंत पूर्ण उंचीने उभी असलेली मोठी रोमन नाट्यगृहे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तुर्कस्तानातले आस्पेंडोस, सीरियातले बोस्रा आणि पश्चिम युरोपात ओरांज. इथली भिंत १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच आणि सुमारे १.८ मीटर जाड आहे. साधारण बारा मजली इमारतीची उंची समजा. १६६० साली चौदावा लुई इथे आला, तेव्हा त्याने हिला ‘माझ्या राज्यातली सर्वांत देखणी भिंत’ म्हटल्याचे सांगतात. गंमत अशी की ओरांज तेव्हा त्याच्या राज्यात नव्हतेच. ते फ्रान्समध्ये कायमचे गेले १७१३ च्या उट्रेक्ट तहाने. १९८१ साली हे नाट्यगृह आणि गावातली रोमन कमान यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली.

किती जुने आहे? बांधले कोणी?

रोमच्या दुसऱ्या सैन्यदलातल्या निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन इ.स.पू. ३५ च्या सुमारास ही वसाहत वसवली गेली. नाट्यगृह त्यानंतरचे, सम्राट ऑगस्टसच्या काळातले, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. नव्याने जिंकलेल्या प्रदेशात नाट्यगृह बांधणे ही रोमनांची राज्य करण्याची रीतच होती. लोक फुकट खेळ पाहायला यायचे, लॅटिन कानावर पडायची आणि समोरच्या भिंतीत सम्राट उभा दिसायचा.

हाच काळ आपल्याकडे सातवाहनांचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी ती मनात ठेवून इथे यावे. रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती मूर्ती पंचगंगेच्या काठी पोचली.

भिंतीत नेमके काय बघायचे? मला तर नुसते दगड दिसतात.

दोन बाजू, दोन वेगळ्या गोष्टी. आधी बाहेरून बघा.

*रस्त्याची बाजू.* तिकीट काढण्याआधी समोरच्या चौकात मागे मागे सरका, संपूर्ण भिंत नजरेत मावेल इतके. खाली दारे, मध्ये बंद कमानींची रांग, आणि वर भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी टेकूंच्या दोन ओळी, एकेका ओळीत ४३ टेकू. प्रेक्षकांवर सावली धरणारे प्रचंड कापडी छत ताणायला जे लाकडी खांब लागत, ते इथे बसवत. वरच्या ओळीतल्या टेकूंना आरपार भोक, त्यातून खांब खाली सोडायचा आणि त्याचे बूड खालच्या टेकूवर टेकायचे. दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम वापरलात तर भोके स्पष्ट दिसतात. कमानींच्या खाली भिंतीत आडवी खाच दिसते. तिथे एका ओसरीचे छप्पर अडकवलेले होते. पावसाची सर आली की प्रेक्षक त्या ओसरीत थांबत.

*आतली बाजू.* आत शिरल्यावर उघडा पिवळट दगड दिसतो, आणि अनेकांची निराशा होते ती इथेच. मूळची भिंत अशी नव्हती. तिच्यावर रंगीत संगमरवराच्या लाद्या, मूर्तींचे कोनाडे आणि मजल्यांवर मजले चढवलेले खांब होते. एकूण ७६ खांबांपैकी आज जागेवर आहेत फक्त तीन. दगडात जागोजागी दिसणारी लहान भोके म्हणजे लाद्या धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यांच्या जागा. ती भोके बघत बघत डोळ्यांनीच लाद्या परत चढवा. तीन दारे मोजा. मधले मोठे ‘राजद्वार’, त्यातून मुख्य नट यायचा, आणि बाजूच्या दोन दारांतून दुय्यम पात्रे. रंगमंच ६१ मीटर लांब आणि ९ मीटर खोल आहे. म्हणजे लांबच लांब, पण अरुंद. नट खोलीत मागेपुढे फारसे फिरत नसत, भिंतीसमोरून आडवे सरकत. आपल्याकडच्या नाट्यगृहातल्या खोल रंगमंचाची सवय असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

दोन्ही टोकांना उंच इमारती आहेत, त्या म्हणजे त्या काळच्या विंगा. नटांची तयारी तिथे चाले. त्यांच्या आतल्या भिंतींवर एक तिरकी खाच दिसते. रंगमंचावर लाकडी छप्पर होते, त्याचा उतार तिथे टेकलेला होता. ते छप्पर आगीत गेले, आणि दगडावर आगीच्या खुणा उरल्या. सध्या वर दिसणारे लोखंड आणि काचेचे छप्पर २००६ सालचे आहे. ते नजरेला खटकते अशी तक्रार ऐकू येते, पण भिंतीत पाणी मुरणे थांबवायचे तर छप्पर हवेच होते.

वरच्या कोनाड्यातला पुतळा कोणाचा?

सम्राट ऑगस्टसचा म्हणून तो ओळखला जातो. उंची ३.५५ मीटर. खालून माणसाएवढा वाटतो, कारण भिंत त्याला गिळून टाकते. पायाशी एक शरण आलेली आकृती गुडघ्यावर बसलेली आहे, ती अनेकांच्या नजरेतून सुटते. पुतळ्याचे तुकडे १९३१ साली उत्खननात सापडले, ते जुळवून १९५० साली तो कोनाड्यात बसवला. म्हणजे पुतळा जुना, पण तिथले उभे राहणे आपल्या काळातले.

मूळचे किती आणि नंतर बांधलेले किती?

भिंत आणि बाजूच्या इमारती बहुतांशी मूळच्या. आपण ज्या पायऱ्यांवर बसतो त्यांतल्या बहुतेक मात्र एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात नव्याने बसवलेल्या आहेत. दगडाचा रंग आणि कडा बघितल्या की ओळखू येते. जुन्या दगडाच्या कडा गोलावलेल्या आणि झिजलेल्या, नव्याच्या धारदार आणि सरळ. पायरीवर हात फिरवून ‘दोन हजार वर्षांचा दगड’ म्हणण्याआधी हे लक्षात असावे.

एवढी भिंत टिकली कशी?

वापरात राहिली म्हणून. चौथ्या शतकाच्या शेवटी, ख्रिस्ती धर्माचा जोर वाढल्यावर, इथले खेळ बंद झाले. पुढे लुटालूट झाली. मध्ययुगात मागच्या टेकडीवर ओरांजच्या राजपुत्रांचा किल्ला होता, आणि ही भिंत त्या किल्ल्याच्या संरक्षणफळीचा भाग बनली. सोळाव्या शतकात धर्मयुद्धे पेटली तेव्हा लोक भिंतीच्या आश्रयाला आले आणि आतच घरे बांधून राहिले. पायऱ्यांवर आणि रंगमंचावर घरांची दाटी होऊन आत एक अख्खी वस्ती झाली. १६२२ साली ओरांजचा तेव्हाचा राजपुत्र, नासाउचा मॉरिस याने टेकडीवर तटबंदी उभारताना गावातल्या इतर रोमन इमारतींचे दगड उचलून नेले. नाट्यगृह वाचले, कारण ते तटबंदीच्याच कामाचे होते. फ्रेंच राज्यक्रांतीत इथे तुरुंग होता.

घरे हलवायला सुरुवात झाली १८२० च्या दशकात. पुढे प्रॉस्पेर मेरिमे यांनी दुरुस्तीचा पाठपुरावा केला. ते लेखक म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्या काळी फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षकही होते. भिंतीच्या आतल्या अंगाला वेड्यावाकड्या खोबणी दिसतात. त्यांतल्या कित्येक या घरांच्या तुळया घुसवण्यासाठी खोदलेल्या आहेत. मार्गदर्शक त्या दाखवतातच असे नाही, पण आम्हाला त्या मूर्तीइतक्याच मोलाच्या वाटतात.

रोमन काळी कोण कुठे बसायचे?

जात नव्हे, पण दर्जा मात्र काटेकोर. पायऱ्यांच्या एकूण ३४ ओळी, तीन टप्प्यांत. खाली २०, मध्ये ९ आणि वर ५. टप्प्यांमध्ये भिंती, म्हणजे वरच्याने खाली उतरू नये अशी सोय. रंगमंचासमोरच्या अर्धवर्तुळात मानकऱ्यांच्या हलवता येण्याजोग्या खुर्च्या. त्यामागच्या पहिल्या तीन ओळी ‘एक्विटीस’ म्हणजे सरदारवर्गाच्या. एका पायरीवर लॅटिन अक्षरांत ‘ई-क्यू’, मग ‘जी’ आणि पुढे तीन उभ्या रेघा कोरलेल्या आहेत. ‘सरदारांसाठी तीन ओळी’ असा त्याचा अर्थ. हे अक्षर मुद्दाम शोधा. राखीव जागेची इतकी जुनी पाटी क्वचित बघायला मिळते. सगळ्यात वर गुलाम, परके आणि समाजाच्या कडेला असलेले लोक.

प्रवेश सर्वांना फुकट. खेळ दिवसा, आणि दिवसभर. सुरुवातीला शोकनाट्ये आणि सुखात्मिका होत, पण पुढे लोकांना आवडू लागले ते नकलांचे खेळ आणि मूकनृत्य. पडद्याची गोष्ट आपल्या उलट होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खंदकासारखी चर आहे, पडदा खेळाच्या सुरुवातीला त्यात खाली पडे आणि शेवटी खालून वर येई.

शेवटच्या ओळीत आवाज खरेच पोचतो का?

पोचतो, आणि त्यात जादू नाही. पायऱ्या उभ्या चढाच्या आहेत, त्यामुळे पुढच्याच्या डोक्यामुळे आवाज अडत नाही. मागची भिंत आवाज पुढे परतवते. रंगमंचावरचे छप्पर तो आकाशात जाऊ देत नसे, पोकळ लाकडी दारे आणि रंगमंचाची लाकडी जमीन त्याला भर देत.

स्वतः करून बघायचे तर दोघे लागतात. एकाने सगळ्यात वर जाऊन बसायचे, दुसऱ्याने खाली अर्धवर्तुळात उभे राहून रोजच्या आवाजात एखादे कडवे किंवा अभंगाची ओळ म्हणायची. ओरडू नका. ओरडले की मूळ शब्द आणि भिंतीवरून परतलेला शब्द एकमेकांवर चढतात आणि सगळे अस्पष्ट होते. सावकाश आणि स्पष्ट बोलले की व्यंजनेसुद्धा कळतात. हा प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. शाळेच्या सहली आत असल्या तर गोंगाट, आणि वारा सुटला तर शब्दच वाहून जातात. म्हणून दार उघडताच आत शिरा. पायऱ्या रिकाम्या असताना घुमारा थोडा जास्त वाटतो. माणसांनी भरल्यावर तो कमी होतो, कारण कपडे आणि शरीरे आवाज शोषतात.

पोचायचे कसे?

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान गाडीने अव्हिन्यों सुमारे २ तास ४० मिनिटे. इथे एक गोची आहे. अव्हिन्योंला दोन स्थानके आहेत. वेगवान गाडी थांबते ते ‘अव्हिन्यों टीजीव्ही’ गावाबाहेर, आणि ओरांजची स्थानिक गाडी सुटते ‘अव्हिन्यों सांत्र’वरून. दोन्हींमध्ये पाच-सहा मिनिटांची जोडगाडी आहे, पण फलाट बदलून, जिने चढून उतरून, हातात किमान अर्धा तास ठेवा. सांत्रहून ओरांज साधारण २० मिनिटे. लियोंहून स्थानिक गाडीने थेट ओरांजलाही उतरता येते, दोन तासांहून थोडे जास्त लागतात.

ओरांज स्थानकातून नाट्यगृह पायी पंधरा-वीस मिनिटे, सपाट रस्ता. मोठी बॅग मुक्कामी ठेवूनच या, पायऱ्यांवर ती ओढता येत नाही.

मोटारीने येणाऱ्यांसाठी ओरांज सोयीचे आहे. ए-७ आणि ए-९ हे महामार्ग इथेच फुटतात. गुरुवारी सकाळी मात्र गावात आठवडी बाजार भरतो. जुन्या गावातले रस्ते बंद असतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. बाजार बघायचा असेल तर गुरुवार उत्तम, नाही तर तो टाळा.

तिकीट, वेळा आणि लागणारा वेळ?

नाट्यगृह वर्षभर उघडे असते. सकाळी नऊ-साडेनऊला सुरू होते. बंद होण्याची वेळ मोसमानुसार बदलते. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत, थंडीत दुपारी साडेचारच्या सुमारास. रस्त्यापलीकडच्या संग्रहालयाचा प्रवेश त्याच तिकिटात असतो, म्हणून तिकीट फेकू नका. ऑडिओ गाइड मराठीत नाही, इंग्रजीत आहे, आणि ऐकण्यासारखे आहे.

नाट्यगृहाला दीड तास, संग्रहालयाला पाऊण तास, कमान आणि टेकडी धरून अर्धा दिवस. अर्ध्या तासात जे दिसते ते फोटोतही दिसते.

कोणता महिना चांगला?

एप्रिल, मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. जून आणि जुलैमध्ये संगीत महोत्सवाची तयारी चालते. रंगमंचावर नेपथ्य, दिव्यांचे सांगाडे आणि ध्वनियंत्रणा उभी राहते, भिंतीचा खालचा भाग झाकला जातो. सरावामुळे काही दिवस नाट्यगृह लवकर बंद होते किंवा काही भागांत जाऊ देत नाहीत. भिंत बघायला येणाऱ्याने जुलै टाळावा, ऑपेरा ऐकायला येणाऱ्याने जुलैमध्येच यावे. एकाच दिवशी दोन्ही नीट होत नाहीत.

ऊन आणि वारा यांची काय तयारी करायची?

नाट्यगृहाचे तोंड उत्तरेला आहे. प्रेक्षक दक्षिणेच्या टेकडीवर, भिंत उत्तरेला. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर आला की पायऱ्यांवर सावली अजिबात नसते, दगड तापून बसवत नाही. टोपी आणि पाण्याची बाटली हवी. फार झाले तर पायऱ्यांखालच्या कमानदार वाटांमध्ये शिरा, तिथे गारवा असतो.

वाऱ्याचे नाव मिस्ट्रल. रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येतो, कोरडा आणि जोरदार, कधी कधी सलग काही दिवस. आकाश निळे निरभ्र असते, त्यामुळे खिडकीतून बघून लोक फसतात आणि स्वेटर न घेता निघतात. भिंत उत्तरेला असल्याने खालच्या ओळींना आडोसा मिळतो, वरच्या ओळींना थेट झोत बसतो. १९७४ साली ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये यांनी इथे ‘नोर्मा’ हा ऑपेरा गायला, तो मिस्ट्रलमध्येच. त्या प्रयोगाच्या चित्रीकरणात त्यांची वस्त्रे वाऱ्यावर फडफडताना दिसतात.

फोटो कधी चांगले येतात?

भिंतीचे आतले अंग दक्षिणेकडे असल्याने दिवसभर उजेड मिळतो. सकाळी किंवा दुपारी चारनंतर तिरका उजेड पडला की दगडातली भोके आणि खाचा उठून दिसतात, भर दुपारी सगळे सपाट. बाहेरचे अंग उत्तरेकडे, ते बहुतेक वेळ सावलीत. त्यावर ऊन पाहायचे तर उन्हाळ्यातली अगदी सकाळ किंवा सूर्यास्ताआधीचा तास गाठा. वरच्या ओळीच्या मध्यावरून रुंद चौकटीत सगळी भिंत मावते. प्रमाण कळावे म्हणून रंगमंचावर कोणीतरी माणूस येईपर्यंत थांबा.

वयस्कर माणसे आणि लहान मुले यांना जमेल का?

खालच्या भागापर्यंत जाणे सोपे. वरपर्यंतचा चढ उभा आहे, पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत आणि सगळीकडे कठडा नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांना त्रास चढताना नव्हे, उतरताना होतो. त्यांनी खाली बसून भिंत बघावी, काही हुकत नाही. पाऊस पडून गेल्यावर गुळगुळीत दगड घसरडा होतो, म्हणून चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला. चाकाच्या खुर्चीने जाता येईल असा भाग मर्यादित आहे, तिकीट खिडकीवर आधी विचारा. लहान मुलांची ढकलगाडी दारापाशीच ठेवा आणि वरच्या ओळींत मुलांचा हात सोडू नका.

रात्रीचा प्रयोग बघायचा आहे. काय ध्यानात ठेवायचे?

महोत्सवाचे नाव ‘कोरेजी’. पहिला १८६९ साली झाला, त्यामुळे फ्रान्समधला हा सर्वांत जुना महोत्सव मानतात. १९०३ साली प्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट इथल्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. आज ऑपेराला हजारो लोक बसतात.

प्रयोग अंधार पडल्यावर, साधारण साडेनऊच्या सुमारास सुरू होतो आणि मध्यरात्र उलटून संपतो. तेव्हा परतीची गाडी नसते. ओरांजमध्येच मुक्काम करा, आणि खोली काही महिने आधी घ्या, कारण गाव लहान आहे. अव्हिन्योंला राहणार असाल तर मोटार हवी. स्वस्त तिकिटे वरच्या ओळींची, पाठ टेकायला काही नसलेल्या दगडी पायऱ्यांची. जाड उशी घेऊन जा. दिवसा ३५ अंश असले तरी रात्री वारा सुटल्यावर शाल लागते. मध्यभागाच्या तिकिटाला पैसे मोजावेत, कारण रंगमंच ६१ मीटर लांब आहे आणि कडेला बसल्यावर अर्धा खेळ मान वळवून बघावा लागतो.

शाकाहारी माणसाचे जेवणाचे काय?

जमते, पण विचारून. ‘तापेनाद’ ही काळ्या ऑलिव्हची चटणी शाकाहारी वाटते, पण तिच्यात अँचोव्ही नावाचे छोटे मासे वाटलेले असतात. कांद्याच्या सूपला बहुधा गोमांसाचा रस्सा असतो. बकरीच्या गरम चीजचे सॅलड मागवताना डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत असे सांगा. ‘रातातुई’ म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी यांची परतून शिजवलेली भाजी, ती निर्धास्त खा. ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. हे पाठ करून जा. स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोनच चालू असते. अडीचला पोचलात तर पाव, चीज आणि फळांवर भागवावे लागेल.

संग्रहालय, कमान आणि टेकडी: वेळ नसेल तर काय सोडू?

संग्रहालय सोडू नका. ते सतराव्या शतकातल्या एका वाड्यात आहे. नाट्यगृहाच्या भिंतीवरून पडलेली कोरीव शिल्पपट्टी इथे आहे, त्यात सेंटॉर म्हणजे अर्धे घोडे अर्धी माणसे. त्याहून मोलाची वस्तू म्हणजे इ.स. ७७ चा, सम्राट व्हेस्पेशियनच्या काळातला संगमरवरावर कोरलेला जमिनींचा नकाशा. चौकोन चौकोन पाडून कोणती जमीन कोणाची आणि सारा किती, हे त्यावर लिहिले आहे. सात-बाराची सवय असलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

सँत-उत्रोप टेकडी फुकट आहे. दहा-पंधरा मिनिटांचा चढ. वरून नाट्यगृहाचा वाडगा आणि भिंतीची मागची कड दिसते, दूर मों व्हांतू पर्वत. रोमन कमान गावाच्या उत्तर टोकाला, पहिल्या शतकातली, सुमारे १९ मीटर उंच. जाऊन येऊन पाऊण तास. एक सोडायचे असेल तर कमान सोडा.

जवळपास जोडून काय करावे?

व्हेझों-ला-रोमेन, मोटारीने सुमारे अर्धा तास. तिथेही रोमन नाट्यगृह आहे, पण भिंत नाही. आधी ते बघा, मग ओरांजला या. भिंत नसणे म्हणजे काय ते तिथे कळते. पों द्यु गार हा तीन मजली जलवाहिनीचा पूल आणि नीमचे अ‍ॅम्फीथिएटर मिळून दुसरा दिवस.

हाती एकच तास आहे.

पहिली दहा मिनिटे बाहेर, टेकूंची भोके शोधण्यात. मग थेट वरच्या ओळीच्या मध्यावर जाऊन पंधरा मिनिटे बसा. उतरताना पुढच्या ओळींमध्ये सरदारांची अक्षरे शोधा. उरलेला वेळ रंगमंचाच्या जितके जवळ जाऊ देतील तितके जवळ, भिंतीखाली मान वर करून.